वीस लाखांत जुनी लक्झरी एसयूव्ही घ्यायची, तर गाडी पंधराची बघा

वीस लाख रुपये हाताशी असले की दोन वाटा दिसतात. एक, शोरूममधून मध्यम आकाराची नवीकोरी एसयूव्ही. दुसरी, सात-आठ वर्षांपूर्वी चाळीस लाखांच्या आसपास विकली गेलेली बीएमडब्ल्यू एक्स१ किंवा ऑडी क्यू३, जी आता जुन्या बाजारात पंधरा लाखांच्या आगेमागे मिळते. दुसऱ्या वाटेने जाण्यात गैर काही नाही. महामार्गावर ताशी शंभरच्या वेगात या गाड्यांची जी पकड आणि शांतता असते, ती नव्या पण साध्या गाडीत सहसा मिळत नाही. फक्त एक हिशेब आधीच पक्का करून ठेवायला हवा. गाडीची किंमत निम्म्याहून खाली आली, तरी तिच्या हेडलाइटची, गिअरबॉक्सची आणि ब्रेक डिस्कची किंमत चाळीस लाखांच्या गाडीचीच राहते.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला असा, की खिशात वीस लाख असतील तर गाडी पंधराची शोधा. उरलेल्या पाच लाखांना वाटा ठरलेल्या आहेत. नावावर करणं आणि विमा यांत साधारण पाऊण लाख जातात. घेतल्या घेतल्या करायची कामं, म्हणजे इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, ब्रेक, बॅटरी आणि बहुतेक वेळा टायर, यांना दीड-दोन लाख लागतात. बाकीचे सव्वादोन-अडीच लाख बँकेत वेगळे ठेवा आणि पहिलं वर्ष त्यांना हात लावू नका. एवढी तयारी नसेल तर नवी साधी गाडीच घ्यावी, हे मी अगदी मनापासून सांगतो.

बरेच जण फसतात ते आकाराच्या मोहात. एक्स१ बघायला गेलेल्या माणसाला विक्रेता शेजारची जुनी क्यू७ दाखवतो. किंमत तेवढीच, गाडी दुप्पट, सात सीट, सहा सिलिंडरचं इंजिन. घरचेही खूश होतात. पण ती गाडी नवी असताना एक्स१च्या जवळपास दुप्पट किमतीची होती आणि तिचे सुटे भागही त्याच हिशेबाने महाग आहेत. शिवाय एवढ्या पैशांत मिळणारी क्यू७ दहा-बारा वर्षांची असते आणि तिला एअर सस्पेन्शन असण्याची शक्यता मोठी असते. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असलेली ही रचना नवी असताना राजेशाही वाटते. रबर म्हातारं झालं की चिरतं, हवा गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी तोही जळतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एका कोपऱ्याचा खर्च लाख-दीड लाखाच्या घरात जातो आणि गाडीला कोपरे चार असतात. पैसे मोजून मापून असतील तर स्टीलच्या स्प्रिंगा, चार सिलिंडर आणि लहान चाकं असलेलीच गाडी निवडा. वीस इंची अलॉय दिसायला देखणी असली, तरी आपल्या खड्ड्यांत आधी टायर फाटतो आणि मग रिम वाकते.

कोणती गाडी, या प्रश्नाचं उत्तर मी मॉडेलपेक्षा इंजिनाच्या पिढीवरून देईन. बीएमडब्ल्यूच्या पहिल्या पिढीच्या एक्स१मध्ये आणि त्या काळच्या एक्स३मध्ये जे एन४७ डिझेल इंजिन होतं, त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. ती झिजली की बदलण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे भाग किरकोळ आणि मजुरी भारी. २०१६ साली आपल्याकडे आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एक्स१मध्ये नंतरचं बी४७ इंजिन आहे, तेव्हा शोध तिथूनच सुरू करावा. ऑडीने एप्रिल २०२० मध्ये बीएस६ नियम आल्यावर भारतात डिझेल बंद केलं. त्यामुळे इथली प्रत्येक डिझेल क्यू३ आणि क्यू५ ही बीएस४ किंवा त्याआधीची असते. बीएस६ डिझेल घेत असाल, तर ते गावातल्या गावात चालवायचं वाहन नाही हे ध्यानात ठेवा. अशा गाडीच्या धुराड्यातली काजळीची गाळणी साफ होण्यासाठी इंजिन अधूनमधून सलग वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर पळावं लागतं. कोथरूड ते डेक्कन एवढाच रोजचा प्रवास असेल तर पेट्रोलच बरं.

मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आणि लँड रोव्हरची काही मॉडेल्स पुण्यात. म्हणून भाग स्वस्त असतील असा पुष्कळांचा समज असतो. पण या कारखान्यांत प्रामुख्याने बाहेरून आलेल्या भागांची जुळणी होते. गाडी इथे जोडली म्हणून तिचा हेडलाइट इथला ठरत नाही. एक एलईडी हेडलाइट लाख ते दोन लाख, पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड मिळून चाळीस ते सत्तर हजार, बॅटरी वीस-तीस हजार, रन-फ्लॅट टायर एकेक वीस हजारांच्या पुढे, वर्षाची एक साधी सर्व्हिस तीस ते साठ हजार, असे सर्वसाधारण आकडे धरून चाला. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले भाग निम्म्याहून कमी दरात मिळतात. दरवाजा, आरसा, बंपर असल्या गोष्टींसाठी तिथे जरूर जा. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅगच्या बाबतीत मात्र ती वाट नको.

आता गाडी बघण्याविषयी. सकाळी जा, आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नका असं आदल्या दिवशीच बजावून ठेवा. पोहोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. ते गरम असेल तर गाडी तुमच्या आधी कोणीतरी गरम करून ठेवली आहे, आणि थंड इंजिनाचा खडखडाट तुम्हाला ऐकू येणार नाही. अशा वेळी परत फिरून दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत मागच्या बाजूने साखळी घासल्यासारखा आवाज आला, तर पुढची बोलणी करण्यात अर्थ नाही.

एअर सस्पेन्शनची गाडी घ्यायचीच असेल तर खिशात शिंप्याची टेप ठेवा. संध्याकाळी गाडी सपाट जागी उभी करायला सांगा आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांवर मोजून लिहून घ्या. सकाळी गाडीला हात न लावता पुन्हा मोजा. एखादा कोपरा दोन-तीन बोटं खाली बसलेला असेल तर तिथली पिशवी गळते आहे. विक्रेता गाडी रात्रभर तशी ठेवायला तयार नसेल, तर त्यावरूनच काय ते समजा.

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ची, मीटर अडतीस हजार किलोमीटर दाखवतंय आणि टायर मात्र २०२३चे, असं दिसलं तर जुने टायर इतक्या लवकर का गेले हे विचारायला हवं. उत्तर खरंही असू शकतं, पण मीटर मागे फिरवलेलं असण्याची शंका तिथूनच सुरू होते. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चार टायर वेगवेगळ्या झिजेचे असतील तर ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो, आणि ती दुरुस्ती टायरच्या जोडीहून कितीतरी महाग पडते.

मीटरचा खरा साक्षीदार म्हणजे सर्व्हिसचा इतिहास. चेसिस क्रमांक घेऊन मालकाबरोबर त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर मागा. मालक यायला तयार नसेल तर गाडी सोडा. तिथेच पाच-दहा हजार रुपये भरून पूर्ण तपासणी आणि संगणकावरचं स्कॅनिंग करून घ्या. ज्या गाडीचं गिअरबॉक्स ऑइल वेळेवर बदललेलं आहे, तिच्यासाठी मी लाखभर रुपये जास्त मोजायला तयार असेन. ऑडीच्या ओल्या क्लचच्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्सला साधारण साठ हजार किलोमीटरला ऑइल लागतं. पुष्कळ बीएमडब्ल्यूंत येणाऱ्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सला ‘आयुष्यभर ऑइल बदलायची गरज नाही’ असं सांगितलं जातं. तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं अशी मुदत देते. मी झेडएफचं ऐकतो.

पावसाचं पाणी हा आपल्याकडचा मोठा शत्रू. पॅनोरामिक सनरूफ असेल तर ते उघडून कडेच्या पन्हळीत बाटलीभर पाणी हळूहळू ओता. ते चाकांजवळ खाली ठिबकलं पाहिजे. तसं झालं नाही तर निचऱ्याची नळी तुंबलेली आहे आणि ते पाणी गालिच्याखाली, नेमकं जिथे इलेक्ट्रॉनिक पेट्या बसवलेल्या असतात तिथे जातं. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१च्या जुलैमध्ये चिपळूणला पुरात गेलेल्या गाड्या दूरदूरच्या बाजारांत जाऊन विकल्या जाऊ शकतात, त्यामुळे पासिंग कुठलं आहे यावर भरवसा ठेवू नका. प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. सीट धुता येते, गालिचा बदलता येतो, पण बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहून जाते.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण स्वस्ताईचं आमिष तिथेच सगळ्यात मोठं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे त्यात फेरबदल होत राहिले, पण तेव्हापासून तिकडच्या डिझेल एसयूव्ही पडेल भावात बाहेर पडू लागल्या. इथल्यापेक्षा दोन-तीन लाखांनी स्वस्त गाडी बघून माणूस विमानाने जातो आणि चालवत परत येतो. मग खर्च सुरू होतो. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला एकरकमी कर गाडीच्या वयाप्रमाणे नव्याने भरावा लागतो. एजंट, वाहतूक आणि हेलपाटे धरले की स्वस्ताई बरीचशी संपते. वर ती गाडी विकताना ‘दिल्लीची’ म्हणून पुन्हा भाव पडतो. एमएच पासिंगची, एका मालकाची गाडी लाख-दीड लाख महाग असली तरी मी तीच घेईन.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नव्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्या लाखोंनी स्वस्त झाल्या, म्हणून जुन्यांचे भावही खाली यायलाच हवेत. विक्रेत्याने जुन्या ऑन-रोड किमतीचा कागद पुढे केला तर आजची किंमत त्याच्यासमोर ठेवा. तसंच, डीलरला जीएसटी लागतो तो खरेदी-विक्रीतल्या त्याच्या नफ्यावर, १८ टक्के. पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून कोणी बिल देत असेल तर ते मान्य करू नका.

विम्यात लोक सर्रास गाफील राहतात. १५०० सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२च्या दरपत्रकानुसार ७,८९७ रुपये अधिक जीएसटी आहे. तो फार नाही. प्रश्न येतो दाव्याच्या वेळी. झिरो डेप्रिसिएशनचं संरक्षण अनेक कंपन्या पाच ते सात वर्षांपुढे देत नाहीत. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते. दीड लाखाचा हेडलाइट फुटला तर पंचाहत्तर हजार तुमचे. म्हणून पैसे देण्याआधीच त्या गाडीच्या क्रमांकावर दोन-तीन कंपन्यांकडून झिरो डेपचं कोटेशन मागवा. मिळत नसेल तर तेवढं भावात कमी करून मागा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. पॉलिसी चौदा दिवसांत तुमच्या नावावर झाली नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो.

कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्या डोळ्यांदेखत घ्या. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. एमपरिवहन ॲपवर मालकांची संख्या, पासिंगची तारीख आणि कर्जाचा बोजा दिसतो. थकलेली ई-चलानं वेगळी तपासा आणि ती मालकाकडूनच भरून घ्या. कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. डीलरकडून घेत असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते बघायला मागा.

टोकन देताना रक्कम लहान ठेवा आणि पावतीवर ‘सर्व्हिस सेंटरच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास पूर्ण परत’ हे वाक्य लिहून घ्या. दुसरी किल्ली त्याच वेळी मागा, कारण नवी करून घ्यायची तर पन्नास हजारांच्या आसपास जातात. उरलेले पैसे मालकाच्याच खात्यावर बँकेतून पाठवा आणि तेही तपासणीचा कागद हातात आल्यावर.