विंडोज आपोआप उघडत नाही? असेंबल्ड पीसीसाठी कृती

सुटे भाग आणून पीसी हौसेने जोडलात. बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि विंडोजऐवजी बायोसचा पडदा समोर! विंडोज पुन्हा टाकायला बसू नका. बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. स्क्रूड्रायव्हर, फोन आणि ३ व्होल्टचा सीआर२०३२ बटण-सेल जवळ ठेवा. चला, लागू या कामाला.

१. पीसी बंद करून पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, मेमरी कार्ड असं सगळं काढा. विंडोज टाकतानाचा पेनड्राइव्ह हमखास मागच्या पोर्टात विसरलेला असतो, तेव्हा तिथे हात घालून चाचपा.

२. पीसी सुरू करून लगेच बूट मेन्यूची की टकटक दाबत राहा. असुसच्या मदरबोर्डवर एफ८, गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि एएसरॉकवर एफ११. वायरलेस कीबोर्ड कधीकधी उशिरा जागा होतो. वायरवाला लावलेला बरा.

३. यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडून एंटर मारा. विंडोज उघडलं? झकास! म्हणजे ते धडधाकट आहे, घोळ फक्त क्रमाचा. एसएसडी यादीत दिसतच नसेल तर इथेच थांबा. भिंतीवरचं बटण बंद करून तिची केबल किंवा एम.२ चा स्क्रू नीट बसवा आणि पुन्हा २ वर या. नाव दिसतंय पण विंडोज उघडत नाही, असं असेल तर दुखणं वेगळं आहे, ते या कृतीने जाणार नाही.

४. सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसलं, तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. याच पीसीत सेव्ह केलीत तर किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होईल.

५. स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा आणि 'ईएफआय सिस्टम पार्टिशन' कोणत्या डिस्कवर आहे ते बघा. साधारण १०० एमबीची चिमुकली पट्टी असते. बिनकामाची वाटते म्हणून पुसायला जाल आणि विंडोज रुसेल. दोन डिस्क जोडून विंडोज टाकलं असेल तर ही पट्टी कधीकधी जुन्या हार्डडिस्कवर जाऊन बसते. तसं निघालं तर ती जुनी डिस्क काढू नका, फॉरमॅट तर नाहीच नाही. पुढे कधी विंडोज नव्याने टाकाल तेव्हा फक्त एसएसडी जोडून टाका.

६. रीस्टार्ट करा आणि डिलीट की टकटक दाबून बायोसमध्ये शिरा.

७. तिथली तारीख बघा. विंडोजमधल्या घड्याळावर जाऊ नका, ते इंटरनेटवरून स्वतःला सुधारून घेतं. इथे काही वर्षांपूर्वीची तारीख दिसली तर सेल संपलाय. तरीही पुढची पायरी गाळू नका.

८. बूट, स्टोरेज आणि मेमरीच्या पानांचे फोनवर फोटो काढा. 'लक्षात राहील' म्हणू नका, राहत नाही.

९. 'बूट' पानावर पहिल्या क्रमांकाला 'विंडोज बूट मॅनेजर' ठेवा. असुस आणि एमएसआयवर हे पान दिसायला आधी एफ७ दाबावं लागतं. त्याच एसएसडीचं नुसतं नावही यादीत असू शकतं. ते निवडलंत तर गाडी पुन्हा तिथेच अडेल.

१०. एफ१० दाबून 'येस' म्हणा. एस्केप दाबून बाहेर पडलात तर सगळं पाण्यात.

११. विंडोज उघडलं की शटडाउन करा आणि भिंतीवरचं बटण अर्धा तास बंद ठेवा. ही पायरी महत्त्वाची. बटण चालू असेपर्यंत मरतुकडा सेलही खपून जातो. रात्री झोपताना बटण बंद करणाऱ्या घरातच तो उघडा पडतो.

१२. पीसी सुरू करून हात बाजूला ठेवा. विंडोज आपोआप आलं आणि बायोसची तारीखही बरोबर होती, तर काम फत्ते, पुढचं वाचू नका. नाहीतर सेल बदलू या.

१३. पॉवर केबल उपसून पीसीचं बटण पाच सेकंद दाबून धरा. केबल लावलेली असताना आत हात नको.

१४. कॅबिनेट आडवं करून उघडा, उघड्या धातूला हात लावा आणि सेलची खिट्टी हलकेच दाबा. सेल ग्राफिक्स कार्डाखाली लपला असेल तर आधी कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटची खिट्टी दाबा, मगच कार्ड उचला.

१५. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा. दुकानदाराने सीआर२०२५ दिला तर परत करा, तो पातळ असतो.

१६. सगळं पुन्हा जोडून पीसी सुरू करा. डीडीआर५ रॅम असेल तर पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. धीर धरा, मध्येच बटण बंद करू नका.

१७. बायोसमध्ये आजची तारीख घाला.

१८. फोटो समोर धरून एकेक सेटिंग जुळवा. साटा मोड आधी एएचसीआय होता की रेड, ते नीट बघा. चुकलात तर विंडोज निळा पडदा दाखवेल.

१९. ९ आणि १० पुन्हा करा.