स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर : पर्याय, मते आणि आमचा धडा



अहवालाच्या या भागात जमाखर्च बाजूस ठेवून रुग्णालयाच्या कामातील एखाद्या विषयाचा अभ्यास मांडण्याचा आमचा प्रयत्न असतो. यंदाचा विषय असा आहे की, ज्यावर घरात चारचौघांत बोलले जात नाही आणि रुग्णालयातही घाईने उरकला जातो. कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यानंतर त्या जागी इम्प्लांट बसवून घ्यावे, अन्य उपाय करावा की काहीच करू नये, याबद्दल स्त्रियांची मते एक नाहीत. ती का वेगळी आहेत, हे समजून घेण्याची गरज आम्हांस एका चुकीमुळे कळली.

काही वर्षांपूर्वी मुर्धा परिसरातील साठीच्या एका भगिनींचा स्तन काढावा लागला. शस्त्रक्रियेपूर्वीचे खर्चाचे अंदाजपत्रक आमच्याच कार्यालयात तयार झाले. त्यात ‘स्तनपुनर्रचना’ अशी एक ओळ होती. समोर त्यांचे चिरंजीव बसले होते. आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, “आईचं वय झालं, आता कशाला?” आम्ही त्या ओळीवर रेघ मारली. आई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना कोणीच विचारले नाही. वर्षभराने तपासणीस आल्या असता त्यांनी परिचारिकेस हळूच म्हटले, “ब्लाऊजमध्ये रुमालाची घडी ठेवते, पण चालताना ती वर सरकते. दुसरं काही मिळतं का हो?” चिरंजीवांच्या मनात वाईट काही नव्हते. खर्च वाचवणे हेही त्यांचे कर्तव्यच होते. परंतु रेघ आमच्या हातची होती.

पर्याय कोणते?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार सन २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. यांपैकी प्रत्येकीचा संपूर्ण स्तन काढावा लागतोच असे नाही. इटलीतील मिलान येथील व अमेरिकेतील दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष सन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठ लवकर सापडली व ती योग्य प्रकारची असली, तर केवळ गाठ काढून किरणोपचार घेतल्यानेही आयुर्मान तितकेच राहते, असे त्यांत दिसून आले. म्हणून “स्तन वाचू शकेल का?” हा पहिला प्रश्न प्रत्येक कुटुंबाने शल्यविशारदांस विचारावा.

स्तन काढणे अटळ असेल, तर पुढे चार वाटा आहेत. पहिली इम्प्लांटची : सिलिकॉनच्या कवचात सिलिकॉनचे जेल किंवा मिठाचे पाणी भरलेली ही पिशवी त्वचेखाली किंवा स्नायूखाली बसवतात. पुष्कळदा आधी त्वचा हळूहळू ताणून जागा करावी लागते व नंतर दुसरी शस्त्रक्रिया होते. दुसरी वाट पाठीच्या किंवा पोटाच्या स्वतःच्याच मांसपेशी व चरबी वापरण्याची. ही शस्त्रक्रिया मोठी असते व शरीरावर आणखी एक व्रण राहतो. परंतु बाहेरची वस्तू शरीरात राहत नाही. तिसरी वाट अंतर्वस्त्रात ठेवण्याच्या कृत्रिम स्तनाची. तो सिलिकॉनचा मिळतो, तसाच सुती धाग्याने विणलेलाही मिळतो. चौथी वाट काहीच न करण्याची. पहिल्या दोन वाटांनी आकार परत येतो, पूर्वीची संवेदना मात्र बहुधा पूर्णपणे येत नाही, हेही आधीच सांगितले पाहिजे.

स्त्रिया काय म्हणतात?

मुर्धा, राई, मोरवा, उत्तन या पट्ट्यातील स्त्रियांचे जीवन एका साच्याचे नाही. शेतीत व मिठागरांत राबलेल्या आगरी स्त्रिया, उत्तनच्या मासळी विकणाऱ्या कोळी स्त्रिया, भाईंदरहून रोज लोकल पकडणाऱ्या नोकरदार मुली अशा सर्व आमच्याकडे येतात. ओळख पटेल असा तपशील वगळून त्यांची काही मते येथे देत आहोत.

पस्तिशीच्या आतील एका नोकरदार भगिनीने इम्प्लांट घेतले. तिच्या सासूबाईंना ते पटले नव्हते. जीव वाचला हेच पुष्कळ, असे त्यांचे म्हणणे. सून म्हणाली, “अंघोळ करताना रोज आजार आठवतो. तो आठवू नये एवढंच मला हवं.” मासळीची पाटी उचलणाऱ्या एका काकींनी पाठीचा स्नायू वापरण्यास नकार दिला. “पाठ आणि हात हेच माझं भांडवल,” असे त्या म्हणाल्या. त्यांनी विणलेला कृत्रिम स्तन पसंत केला. एका निवृत्त शिक्षिकेने काहीही घेतले नाही. त्यांना पदर पुरेसा वाटतो, शिवाय पुन्हा भूल घेण्याची इच्छा नाही. आणखी एका भगिनीने आधी इम्प्लांट घेतले, पण किरणोपचारानंतर त्याभोवतीचे आवरण कडक होऊन दुखू लागले. अखेर ते काढून घ्यावे लागले. किरणोपचारामुळे हा धोका वाढतो, हे तिला उशिरा समजले.

या चौघींत कोणाचा निर्णय बरोबर, असे आम्हांस विचारले जाते. चौघींचे शरीर, काम व मन वेगळे असल्यामुळे उत्तरही वेगळे आहे. शेवटच्या भगिनीच्या बाबतीत चूक झाली ती निर्णयात नव्हे, माहिती देण्यात.

आग्रह उलट दिशेनेही होतो. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी कर्करोगानंतर कृत्रिम स्तन वापरण्यास नकार दिला होता. त्या तसा न वापरता आल्याने इतर रुग्णांचे मनोधैर्य खचते, असे त्यांना दवाखान्यातील परिचारिकेने सुनावले. हा अनुभव त्यांनी सन १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. “आता कशाला?” म्हणणारा मुलगा आणि “घ्यायलाच हवा” म्हणणारी परिचारिका, दोघेही तिच्याऐवजी उत्तर देतात.

शंकांना आधार आहे

इम्प्लांटविषयी स्त्रियांच्या मनात भीती असते. ती निव्वळ अज्ञानातून येते असे म्हणणे योग्य नाही. सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट सन १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसवले गेले. सन १९९२ मध्ये तेथील औषध प्रशासनाने सुरक्षिततेचा पुरावा अपुरा असल्याने त्यांचा सर्वसाधारण वापर थांबवला. स्तनपुनर्रचनेसाठी मात्र देखरेखीखाली मुभा ठेवली. सन २००६ मध्ये ती पुन्हा मान्य झाली. सन २०१० मध्ये पीआयपी ही फ्रेंच कंपनी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरत असल्याचे उघड झाले व पुढे तिच्या संस्थापकास कारावास झाला. सन २०१९ मध्ये खडबडीत पृष्ठभागाच्या एका प्रकारच्या इम्प्लांटचा लसिकापेशींच्या एका विरळ कर्करोगाशी संबंध आढळल्याने अ‍ॅलर्गन कंपनीने ती जगभरातून परत घेतली.

याचा अर्थ इम्प्लांट घेऊच नये असा नाही. असंख्य स्त्रियांना त्याचा लाभ झाला आहे. परंतु ते आयुष्यभराची वस्तू नव्हे, ते बदलावे लागू शकते व त्याची तपासणी करत राहावी लागते, हे सांगितलेच पाहिजे. सन २०२१ पासून अमेरिकेत इम्प्लांटवर ठळक इशारा आणि रुग्णाने एकेक मुद्दा वाचून सही करावयाची प्रश्नसूची सक्तीची झाली आहे.

उपचार की शोभा?

निरोगी स्त्रीने केवळ आकारासाठी इम्प्लांट घ्यावे का, यावर आमच्या परिचारिकांतही दोन मते आहेत. एकीला तो लग्नाच्या बाजाराचा दबाव वाटतो. दुसरी विचारते की, वाकडे दात सरळ करून घेणाऱ्यास आपण नावे ठेवतो काय? सन २०१८ मध्ये चेन्नईच्या शासकीय स्टॅन्ली रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत सुरू झाली, तेव्हाही हाच वाद झाला. सौंदर्योपचार गरिबांना का मिळू नयेत, असे मंत्रिमहोदयांचे म्हणणे. तर सार्वजनिक पैसा आधी जीवघेण्या आजारांवर खर्चावा, असे टीकाकारांचे. आमच्या न्यासाचा निधी आम्ही आजारानंतरच्या साहाय्यासाठीच राखतो. मात्र सल्ला विचारणाऱ्या कोणत्याही मुलीस हसून परत पाठवत नाही.

आप्तजनांनी एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी. विमा नियामक प्राधिकरणाने सन २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणित शब्दरचनेनुसार, आरोग्य विम्यातून दिसणे बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळला जातो. परंतु अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत मोडत नाही. म्हणून दाव्याच्या कागदांवर ‘कर्करोगानंतरची पुनर्रचना’ असे स्पष्ट लिहून घ्यावे व पॉलिसीतील मर्यादा शस्त्रक्रियेपूर्वीच तपासावी.

आम्ही काय बदलले

आता अंदाजपत्रकातील ती ओळ कार्यालयात भरली जात नाही. परिचारिका रुग्ण भगिनीस स्वतंत्र खोलीत बसवते आणि चारही पर्याय मराठीतून, गरज पडल्यास गुजराती किंवा हिंदीतून समजावते. इम्प्लांट व कृत्रिम स्तनाचे नमुने हातात घेऊन पाहता येतात. किरणोपचार लागणार आहेत का, पुढे तपासणी व बदलाचा खर्च किती, आज नको म्हटले तर नंतर करता येईल का, हे प्रश्न डॉक्टरांस विचारून त्यांची उत्तरे कागदावर लिहिली जातात. पती, मुलगा, सासूबाई यांचे म्हणणे त्यानंतर ऐकले जाते. सही तिची असते.

ज्यांच्या रुमालाच्या घडीपासून हे सुरू झाले, त्या भगिनींस आम्ही चूक सांगून पुनर्रचनेबद्दल पुन्हा विचारले. त्यांनी शस्त्रक्रिया नको म्हटले; चिरंजीवांचे उत्तर आणि त्यांचे उत्तर एकच निघाले. मात्र सुती धाग्याचे दोन कृत्रिम स्तन त्यांनी मागून घेतले, एक धुण्यास टाकला तर दुसरा असावा म्हणून. असे नमुने सदैव शिल्लक असावेत व समुपदेशनाची ती खोली दुसऱ्या कामास घ्यावी लागू नये, एवढ्यासाठी आपल्या साहाय्याची आम्हांस यापुढेही गरज आहे.