गुडघ्याची गोळी आणि ताटातला बांगडा

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. गुडघ्यांसाठी ती रोज डायक्लोफिनॅक घेते आणि पोटात जळजळतं म्हणते. बांगडा, तारली रोज खाल्ल्याने जठराचं रक्षण होईल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर आणि तिथला रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं टिकवतात. शरीर ती आहारातल्या मेदाम्लांपासूनच बनवतं. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी नेमकं हेच काम रोखते. याच गटातल्या ॲस्पिरिनबाबत शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी ते १९७१मध्ये दाखवलं. उंदरांवरच्या काही प्रयोगांत माशाच्या तेलाने जठराची इजा कमी झाली. माणसांत मात्र तितका भक्कम पुरावा नाही. बांगडा-तारलीत ओमेगा-३ मेदाम्लं भरपूर असतात, आईंना जरूर खाऊ द्या. पण त्या भरवशावर गोळी चालू ठेवू नका. जेवणानंतर घेतली तरी ती रक्तातून अस्तरापर्यंत पोचतेच. जळजळ होतेय, म्हणजे याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. रोजची गोळी खरंच हवी का, गुडघ्याला लावायचं जेल चालेल का, सोबत आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल द्यावं का, हे विचारा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तेही सांगा. शौचाला काळं, डांबरासारखं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर लगेच रुग्णालय गाठा.