अंबाबरवा : शेगावच्या उत्तरेचे व्याघ्रवन

शेगाव येथे रेल्वेने उतरणारा यात्रेकरू बहुधा श्री गजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतीची गाडी गाठतो. याच गावाहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा एक महत्त्वाचा भाग आहे, ही गोष्ट बुलडाणा जिल्ह्याबाहेर फारशा लोकांस ठाऊक नाही. मेळघाट म्हटले की चिखलदरा, सेमाडोह, कोलकास आणि एकंदरीत अमरावती जिल्हा एवढेच नजरेसमोर येते. वस्तुत: या प्रकल्पाचा पश्चिम भाग अकोला जिल्हा ओलांडून बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात उतरला आहे. तेथील सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे वन म्हणजे अंबाबरवा अभयारण्य होय.

शेगावहून उत्तरेस निघालेला रस्ता खिरोड्याजवळ पूर्णा नदी ओलांडतो आणि वरवट बकालवरून सोनाळ्याकडे जातो. वाटेत दोन्ही बाजूंस काळी, सपाट, कपाशी-तुरीची जमीन आहे. सोनाळा जवळ येऊ लागले की जमिनीचा रंग व पोत बदलतो, संत्र्यांच्या बागा दिसू लागतात आणि समोर सातपुड्याची गाविलगड रांग उभी राहते. हा बदल सहलीस जाणाऱ्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावा असा आहे. वनाचा अर्थ वनात शिरण्यापूर्वीच येथे कळू लागतो.

तीन नावे, तीन अर्थ

अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प ही नावे बोलण्यात सरमिसळ वापरली जातात. ग्रामपंचायतीच्या सभासदांस तरी हा भेद माहीत असणे अगत्याचे आहे, कारण गावकऱ्यांचे हक्क त्यावर अवलंबून असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात काही हक्क, शासनाने मान्य केल्यास, चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारण्यास पूर्ण मनाई असते. व्याघ्र प्रकल्प ही या दोहोंना कवेत घेणारी व्यवस्था आहे. तिचा आतला भाग गाभा क्षेत्र आणि भोवतालचा भाग बफर क्षेत्र म्हणून ओळखला जातो. बफरमध्ये गावे, शेती व चराई यांना स्थान आहे.

देशात व्याघ्र प्रकल्पाची योजना १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झाली. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील एकट्या मेळघाटाची निवड झाली होती. गुगामल राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये आणि अंबाबरवा, वान व नरनाळा ही अभयारण्ये १९९७ मध्ये घोषित झाली. ही तिन्ही आज अकोट वन्यजीव विभागाकडे आहेत. संपूर्ण प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे १,५०० चौरस किलोमीटर हा गाभा आहे.

वाघाचे रान आणि माणसाचे पाणी

पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील पट्टा खारपाणपट्टा म्हणून विदर्भात प्रसिद्ध आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून तो जातो. येथील भूगर्भातील पाणी क्षारयुक्त आहे. ते पिण्यास अयोग्य तर आहेच, ओलितासही फारसे उपयोगाचे नाही. विहीर खणून पाणी लागले तरी ते कामाचे नाही, अशी येथील गावकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची अडचण आहे. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारींमुळे संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील गावे वेळोवेळी चर्चेत आली आहेत.

या पट्ट्याला गोडे पाणी मिळते ते उत्तरेच्या डोंगरातून. मेळघाटाच्या वनातून वाहत येणाऱ्या वान नदीवर अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यातील वारी भैरवगड येथे हनुमान सागर हे धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर आहे. अकोट व तेल्हारा यांबरोबर शेगाव शहर, तसेच संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील शेकडो वस्त्या या पाण्यावर अवलंबून आहेत. शेगावी येणारा यात्रेकरू ज्या नळाचे पाणी पितो त्याचा उगम वाघाच्या रानात आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. मेळघाटचे वन पानझडी असून त्यात साग प्रमुख आहे. त्याच्या जोडीला ऐन, धावडा, तिवस, मोह, सालई, तेंदू व बांबू आहेत. मार्चपर्यंत पाने गळून जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. पावसाळ्यात हा थर थेंबाचा मारा झेलतो, पाण्याचा वेग मंदावतो आणि पाणी जमिनीत मुरू लागते. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा व वाळूचा जो जाड पट्टा आहे तो तर पाणी पिऊन घेणारा स्पंजच होय. सोनाळ्याकडील संत्र्यांच्या बागा याच पट्ट्याच्या जोरावर उभ्या आहेत. वरचे वन उघडे पडले तर हेच पाणी चार-दोन दिवसांत माती घेऊन पूर्णेत जाईल आणि धरणात गाळ भरेल.

वाघाचा यात संबंध काय, असा प्रश्न शाळेतील एखादा चौकस मुलगा विचारील. एका वाघास वर्षाकाठी पन्नासेक मोठी जनावरे लागतात. एवढी जनावरे दरवर्षी मिळावयाची तर सांबर, भेकर, रानडुक्कर, गवा, रोही यांची संख्या त्याच्या कित्येक पट असावी लागते, आणि तेवढ्या जनावरांना पोसणारे गवत, झाडोरा व पाणवठे असावे लागतात. म्हणून वाघ टिकला आहे याचा अर्थ खालचे सर्व टिकले आहे असा होतो. वाघांची गणना हा या दृष्टीने पाण्याचाही हिशेब आहे. सन २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात ४४४ वाघ नोंदले गेले. २०१४ मध्ये हा आकडा १९० होता.

जागा कोणी दिली?

हे वन आपोआप मोकळे झालेले नाही. गाभा क्षेत्रातील बोरी, कोहा, कुंड, वैराट, चुर्णी, आमोना, धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी अनेक गावे, तसेच खुद्द अंबाबरवा हे गाव, गेल्या पाव शतकात बाहेर आली. तेथील कुटुंबे बहुतांशी कोरकू व अन्य आदिवासी समाजांतील होती. मोहाची फुले, तेंदूपाने, डोंगरउतारावरची शेती आणि देवस्थाने सोडून त्यांनी सपाटीवरचे जीवन स्वीकारले. रिकाम्या झालेल्या गावठाणांवर आता गवताळ कुरणे झाली असून तृणभक्षी जनावरे तेथे चरतात.

सन २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार व त्याच वर्षीच्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीनुसार असे पुनर्वसन ऐच्छिक असले पाहिजे आणि त्यास ग्रामसभेची माहितीपूर्वक संमती असली पाहिजे. तथापि, संमती मिळणे आणि नवे घर बसणे यांत मोठे अंतर असते. अकोट तालुक्यात पुनर्वसित झालेल्या काही कुटुंबांनी जमीन, आरोग्य व रोजगार यांविषयीच्या तक्रारी मांडून पुन्हा जुन्या गावांचा रस्ता धरला, आणि जानेवारी २०१९ मध्ये केलपाणी परिसरात ग्रामस्थ व वन-पोलीस कर्मचारी यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. पुनर्वसनाचे काम रक्कम वाटून संपत नाही, हे त्या घटनेने दाखविले. नव्या वसाहतीतील शाळा, दवाखाना, सातबारा व रेशनकार्ड या बाबी ज्या कार्यालयांकडे आहेत त्यांनी त्या व्याघ्रसंरक्षणाचाच भाग मानल्या पाहिजेत.

बफरमधील गावांसाठी ग्राम परिस्थितिकी विकास समित्या आहेत, आणि २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखाली स्वयंपाकाचा गॅस, कुंपण यांसारखी कामे घेता येतात. समिती कागदावर आहे की बैठका घेते, यावर गावाला मिळणारा लाभ ठरतो. पर्यटकांना वन दाखविणारे मार्गदर्शक स्थानिक तरुणच असावेत, हा आग्रहही ग्रामसभेने धरावा.

वाघ दिसणे, न दिसणे

अंबाबरव्यात वाघ हमखास दिसेल अशी अपेक्षा धरून जाऊ नये. ताडोब्याची सपाट, तळ्यांची भूमी वेगळी. येथे खोल दऱ्या, उभे चढ आणि दाट बांबू आहे. वाघ शंभर हातांवर असूनही दिसणार नाही. पंजाची उमटलेली खूण, सागाच्या सालीवरील नखांचे ओरखडे, सांबराची धोक्याची हाक, अस्वलाने उकरलेले वारूळ ही वाचता आली तर फेरी सार्थकी लागते. मेळघाटात रानपिंगळाही आहे. हा घुबडवर्गीय पक्षी नामशेष झाला असेच ११३ वर्षे समजले जात होते. १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ तो पुन्हा आढळला आणि पुढे मेळघाटातही सापडला.

वाघाचे दर्शन हेच एकमेव ध्येय झाले की काय होते, याचे उदाहरण ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात घडले. पर्यटकांच्या वाहनांनी वाघीण व तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. वनविभागाने वाहनचालक व मार्गदर्शकांना निलंबित केले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वत:हून दखल घेतली. चूक चालकाची खरी, पण त्याला गाडी पुढे घालण्याचा आग्रह करणारे मागे बसलेले असतात.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्यातील आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ-पट्टा बसविलेला एक तरुण वाघ महाराष्ट्र व तेलंगणातील शेतशिवारांतून फिरत डिसेंबर २०१९ मध्ये खामगाव-बुलडाणा परिसरातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. त्याची एकूण वाटचाल तीन हजार किलोमीटरांहून अधिक मोजली गेली. तो बहुधा रात्री, नाल्यांच्या काठाने चालत असे. शेगाव तालुका उत्तरेचे अंबाबरवा आणि दक्षिणेचे ज्ञानगंगा यांच्या मधल्या मैदानात आहे. नाल्याकाठची झाडे राखावीत की तोडावीत, हा ठराव ज्या ग्रामपंचायतींपुढे येतो त्यांपैकी अनेक या मैदानातल्याच आहेत.

सहल आखणाऱ्या शाळांनी ध्यानात ठेवावे की पावसाळ्यात, साधारणत: जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. हिवाळ्यात रान हिरवे व हवा सुखद असते. प्राणी मात्र एप्रिल-मे महिन्यांत, पानगळीनंतर, पाणवठ्यांवर अधिक दिसतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद घेण्याचा उपक्रम वनविभाग राबवितो, त्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. वेळ असल्यास परतताना वारी भैरवगडचे धरण विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे, आणि त्यातील पाणी कोठून येते व कोणत्या गावांना जाते याचा नकाशा त्यांच्याकडून वर्गात काढून घ्यावा.