जठराचा कॅन्सर : केमोच्या जोडीला इम्युनोथेरपी घ्यावी का?

प्रश्न : वडिलांना जठराचा कॅन्सर आहे, इतरत्र पसरलेला नाही. केमो, ऑपरेशन, पुन्हा केमो असं ठरलंय. सोबत महागडी इम्युनोथेरपी सुचवली आहे. घ्यावी का?

उत्तर : ‘फ्लॉट’ केमो दर पंधरा दिवसांनी, ऑपरेशनआधी चारदा आणि नंतर चारदा देतात. 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅटरहॉर्न’ चाचणीत 948 रुग्णांपैकी निम्म्यांना या केमोच्या जोडीला ड्युर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं. दोन वर्षांनंतर आजार न बळावता, न उलटता हयात असलेले या गटात सुमारे 67 टक्के, नुसत्या केमोवर सुमारे 59. काढलेल्या जठरात कॅन्सरचा मागमूसही न उरण्याचं प्रमाण 7 वरून 19 टक्क्यांवर गेलं. फायदा खरा आहे, चमत्कार नव्हे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या अशाच चाचणीत मात्र आजार उलटण्यातला फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, म्हणून औषधाचं नाव नक्की विचारा.

बायोप्सीच्या तुकड्यावर एमएसआय (कॅन्सरपेशींच्या डीएनए-दुरुस्तीतला दोष दाखवणारी) तपासणी झाली आहे ना? ती ‘हाय’ आली, तर इम्युनोथेरपीचं पारडं जड होतं. इम्युनोथेरपी प्रतिकारशक्ती चेतवते, म्हणून वडिलांना आमवातासारखा आजार असेल तर आधीच सांगा. उपचारादरम्यान जुलाब झाले किंवा धाप लागली, तर घरगुती इलाज न करता थेट डॉक्टरांना गाठा.

पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत केमो मात्र अडवून ठेवू नका.