पडद्यामागचे शिक्षण : नाट्यविद्यालयाच्या मुलाखतीची तयारी



दहावी-बारावीनंतर काय, पदवीनंतर काय, या विषयांवर स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले जाते. बँकेच्या, रेल्वेच्या, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची माहिती आपल्या मुलांना आता घरबसल्या मिळते. परंतु नाटकाचे शिक्षण, आणि त्यातही अभिनयाचे नव्हे तर पडद्यामागच्या कामाचे शिक्षण, हा विषय आपल्या घरांत क्वचितच निघतो. मी स्वतः बँकेतील कारकून. कला शाखेचा पदवीधर. कॉलेजात असताना चार वर्षे नाटकांच्या मागच्या बाजूला राबलो, इतकाच माझा अधिकार. तरीही हा लेख लिहितो आहे, त्याला एक घरगुती कारण आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा वायरिंगची कामे करीत बी. ए. झाला. वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाचे दिवे, माइक, मंडप हे सारे तोच पाहायचा. पुढे एका हौशी नाट्यसंस्थेच्या प्रकाशयोजनेला मदत करू लागला आणि त्या कामाने त्याला वेड लावले. त्याने एका नाट्यशिक्षण संस्थेत अर्ज केला. मुलाखतीला बोलावणे आले. आत तीन जण बसले होते. त्यांनी विचारले, "तुम्ही नाटकात काय केलेत?" हा म्हणाला, "काही विशेष नाही सर, मी फक्त लाइट लावतो." पाच मिनिटांत मुलाखत संपली. घरी येऊन तो मला म्हणाला, "मामा, आपलं काम तिथं सांगण्यासारखं नव्हतंच." बहीण म्हणाली, "बरं झालं. शिकून काय करायचं, तर दुसऱ्याच्या तोंडावर उजेड पाडायचा!"

'फक्त' या एका शब्दाने त्याचे वर्ष गेले, असे मला आजही वाटते. पुढच्या वर्षी आम्ही दोघांनी बसून जी तयारी केली, तिची ही टिपणे आहेत.

हे शिक्षण कोठे मिळते?

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली संगीत नाटक अकादमीने सुरू केले आणि १९७५ पासून ते स्वायत्त संस्था झाले. पुण्यात १९२५ साली जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात त्याचे संचालक होते. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा यांच्या शिस्तशीर अभ्यासाला त्यांनी तेथे मोठे स्थान दिले. तेथील अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ असतो. त्यासाठी पदवी, नाटकांतील सहभागाचे दाखले आणि हिंदी-इंग्रजीचे कामापुरते ज्ञान लागते. प्राथमिक फेरीतून निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावतात. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, ही आपल्यासारख्यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. मुंबई विद्यापीठात २००३ पासून नाट्यशिक्षणाची अकादमी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे. वयाची अट, जागा, तारखा दरवर्षी बदलू शकतात. त्यासाठी त्या वर्षीचे माहितीपत्रकच पाहावे, कोणाच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी अभिनयासह सर्व अंगे शिकावी लागतात, हेही ध्यानात ठेवावे.

काम म्हणजे नेमके काय?

मुलाखतीला जाण्यापूर्वी आपल्याला आपल्या कामाची व्याख्या सांगता आली पाहिजे. पडद्यामागचे काम ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिले रंगमंच व्यवस्थापनाचे आणि दुसरे तांत्रिक अंगांचे, म्हणजे नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा व प्रॉपर्टीचे.

रंगमंच व्यवस्थापक तालमीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत नाटकाचा हिशेब ठेवतो. बँकेत जसे लेजर, तसे त्याचे प्रॉम्प्ट बुक. एका पानावर संहिता आणि समोरच्या पानावर नटांच्या हालचाली, प्रकाशाचे व ध्वनीचे संकेत. तालीम साध्या खोलीत असली तरी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून सेटचा खरा आकार आखायचा, म्हणजे दार कोठे, पायरी कोठे, हे नटाच्या पायांत बसते. प्रयोगाच्या वेळी तो संकेत देतो. "प्रकाश बारा, तयार" आणि ठरल्या शब्दावर "प्रकाश बारा, गो!" हा 'गो' शब्द त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही बोलण्यात वापरायचा नाही, कारण तो ऐकताच कोणाचे तरी बोट बटण दाबते. एवढा एक बारकावा मुलाखतीत सांगितलात, तरी ऐकणाऱ्याला कळते की हा मुलगा प्रत्यक्ष उभा राहिलेला आहे.

आपल्या कामाची वही

अशा मुलाखतीला रिकाम्या हाताने जायचे नसते. केलेल्या कामाची एक वही किंवा फाईल न्यावी. ती महागडी असण्याचे कारण नाही. भाच्याची वही साध्या फाईलमध्ये लावलेल्या पंचवीस पानांची होती. तीत पुढील गोष्टी असाव्यात.

१. केलेल्या नाटकांची यादी : नाटक, वर्ष, ठिकाण आणि आपले नेमके काम. मदतनीस असाल तर मदतनीस असेच लिहावे. खोटे मोठेपण दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडते.

२. कागदपत्रे : आपण तयार केलेले संकेतपत्रक, प्रॉपर्टीची यादी, दिव्यांचा आराखडा, तालमीचे वेळापत्रक. खाडाखोड झालेला मूळ कागद असेल तर तोच लावावा. सुबक प्रतीपेक्षा त्या कागदावर काम दिसते.

३. छायाचित्रे : नटाचा चेहरा टिपणारी नव्हेत, तर सेट आणि उजेड दिसेल अशी. प्रत्येकाखाली दोन ओळी : अडचण काय होती आणि ती कशी सोडवली.

४. नाटकाबाहेरची कामे : मंडपाची वायरिंग, सुतारकाम, शिवणकाम, शाळेच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था. ही कामे लपवू नका. ज्या हातांनी पावसात मंडपाचे दिवे सुरक्षित चालू ठेवले, ते हात या अभ्यासक्रमाला हवेच असतात. आपल्या मुलांना नेमकी याच गोष्टीची लाज वाटते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

५. एक छोटी प्रतिकृती किंवा तिचे छायाचित्र. अर्धा इंच म्हणजे एक फूट हे प्रमाण धरले, तर ३० फूट रुंद व २४ फूट खोल रंगमंच १५ बाय १२ इंचांच्या पुठ्ठ्यावर मावतो. मीटरमध्ये करायचे तर १:२५ हे प्रमाण घ्यावे, म्हणजे एका मीटरला चार सेंटिमीटर. प्रतिकृतीत त्याच प्रमाणात कापलेली माणसाची आकृती अवश्य ठेवावी. तिच्यावाचून दाराची उंची बरोबर की चूक हे कळत नाही.

एक नाटक तळापर्यंत वाचा

दहा नाटकांची नावे पाठ करण्यापेक्षा एक नाटक तांत्रिक नजरेने वाचावे. आम्ही विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' घेतले. हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. सारे एका सभागृहात घडते. वरवर पाहता नेपथ्याला काय काम, असे वाटते. पण सुरुवातीलाच दाराच्या कडीचा घोटाळा येतो आणि पुढे बेणारेबाई बाहेर पडू पाहतात तेव्हा तेच दार बाहेरून लागलेले असते. म्हणजे ती कडी ही केवळ वस्तू नाही, ती नाटकाचा कणा आहे. आता प्रश्न विचारा. कडी कोण लावील? विंगेतून की यंत्रणेने? तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाईल का? दार ओढल्यावर सेटची भिंत हलणार नाही ना? सामंतांचा हिरवा कापडी पोपट सुरुवातीला कोणाच्या हाती असतो आणि शेवटी कोठे असतो? अशी वीस टिपणे काढलीत, की कोणत्याही नाटकाविषयी बोलण्याची रीत हाती येते.

याच्या उलट 'घाशीराम कोतवाल' (१९७२) पाहा. तेथे माणसांची रांग हाच पडदा आणि हीच भिंत. दोन्ही नाटके शेजारी ठेवली म्हणजे नेपथ्य म्हणजे केवळ लाकूड आणि कापड नव्हे, हे आपोआप उमजते.

विचारले जाऊ शकणारे प्रश्न

'अभिनय का नको?' याला 'मला जमत नाही' हे उत्तर देऊ नये. आपल्याला या कामात काय आवडते ते सांगावे. भाच्याने दुसऱ्या वर्षी उत्तर दिले : "काळोखात प्रेक्षक गप्प होतात, तो क्षण मी तयार करतो, ते मला आवडतं."

'तिसऱ्या घंटेला दहा मिनिटे आहेत आणि मुख्य नट आलेला नाही. काय कराल?' येथे धावपळीचे वर्णन नको, क्रम हवा. प्रथम त्याच्याशी संपर्क, लगेच दिग्दर्शकाला व नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला कल्पना, बाकीच्या नटांना शांतपणे माहिती, प्रेक्षकांना किती उशीर सांगायचा याचा निर्णय. आणि नट आल्यावर त्याच्यावर ओरडायचे नाही, बोलणे प्रयोगानंतर.

'१६ अँपिअरच्या एका सॉकेटवर १००० वॅटचे किती दिवे लावाल?' २३० व्होल्टला १००० वॅटचा एक दिवा सुमारे ४.३५ अँपिअर घेतो. तीन दिव्यांचे १३ होतात, चारांचे १७ च्या वर जातात. म्हणून तीनच. आता कमी वीज घेणारे एलईडी दिवे सर्वत्र आले आहेत, तरी हा हिशेब यायलाच हवा. त्याबरोबर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला सुरक्षा साखळी, शिडी धरायला दुसरा माणूस, मोकळे ठेवलेले आपत्कालीन दार, हेही सांगावे. या कामात निष्काळजीपणा माणसाच्या जिवावर बेततो.

'तुमची एखादी चूक सांगा.' या प्रश्नाला मुले घाबरतात. मी माझे उदाहरण भाच्याला दिले. कॉलेजच्या एका प्रयोगात टेलिफोनची घंटा माझ्याकडे होती. मी नाटक पाहण्यात रंगलो. नटाने रिसीव्हर उचलला, "हॅलो" म्हणाला आणि मग माझी घंटा वाजली! प्रेक्षागृह हसले आणि गंभीर प्रवेश पार कोसळला. त्या रात्री मी शिकलो की संकेत देणाऱ्याने प्रेक्षक व्हायचे नसते. पुढच्या प्रयोगापासून मी दोन वाक्ये आधी लाल खूण करू लागलो. चूक सांगताना हे तीन भाग यावेत : काय घडले, त्या क्षणी काय केले, पुन्हा घडू नये म्हणून काय व्यवस्था केली.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचे आहे का?' असे म्हणतात. गप्प बसू नये. कार्यशाळेत प्रत्यक्ष काम केव्हापासून मिळते, विद्यार्थ्यांच्या नाटकांना व्यवस्थापन कोण करते, असे दोन प्रश्न तयार ठेवावेत.

भाषा आणि भीती

आपल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. फ्रेनेल, प्रोफाइल स्पॉट, डिमर, सायक्लोरामा हे शब्द कामाचे आहेत, ते वापरून वापरून तोंडात बसतात. बाकीचे साध्या हिंदीत किंवा मराठीत, जेथे जे चालते त्यात, स्वच्छ सांगावे. आम्ही रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मुलाखत खेळत असू. मी प्रश्न विचारायचा, तो उत्तर द्यायचा आणि बहीण ऐकायची. तो 'फक्त' म्हणाला की दंड म्हणून दुसऱ्या दिवशीची भांडी त्याने घासायची. पहिल्या आठवड्यात त्याने पुष्कळ भांडी घासली!

अनुभव कमी असेल तर जवळच्या हौशी संस्थेत जा. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालत आली आहे. तिच्या काळात मागे काम करणारी माणसे प्रत्येक संस्थेला हवी असतात. झाडू मारायचे काम मिळाले तरी घ्या, कारण रंगमंच झाडणाऱ्यालाच पडलेला खिळा दिसतो.

पालकांसाठी दोन शब्द

या वाटेने महिन्याच्या एक तारखेला पगार मिळेलच असे नाही, हे मी बँकेत बसून प्रामाणिकपणे सांगतो. मात्र नाटकाखेरीज दूरचित्रवाणी, प्रदर्शने, मोठे सोहळे, सभागृहांची व्यवस्था येथेही या कौशल्याला मागणी असते. मुलगा किंवा मुलगी हातची पदवी पुरी करून, विचार करून जात असेल तर अडवू नये. आणि हो, मुलींनीही जावे. शिडी आणि स्क्रू-ड्रायव्हर ही केवळ मुलग्यांची मिरास नव्हे.

भाच्याला दुसऱ्या वर्षी एका विद्यापीठाच्या नाट्यविभागात प्रवेश मिळाला. गेल्या हिवाळ्यात त्याच्या वर्गाच्या नाटकाला आम्ही गेलो होतो. तो अर्थातच कोठे दिसला नाही. नाटक संपले, काळोख झाला आणि मग हळूहळू सभागृह उजळले. बहीण माझ्याकडे वळून म्हणाली, "हा उजेड त्यानंच केला ना रे?"

मी म्हटले, "होय ताई."