बंगळुरूहून गेलेला इशारा



सॉकच्या, म्हणजे सायबर-सुरक्षा देखरेख केंद्राच्या, रात्रपाळीतले अलर्ट एआयकडून तपासून घ्यायचा प्रस्ताव तू लिहितो आहेस, असं ताई म्हणाली. अवश्य लिही. रात्री तीन वाजता खोट्या अलर्टांच्या ढिगात खरा अलर्ट निसटला, तर त्यात समोर बसलेल्या पोराचा दोष नसतो. फक्त साहेबांकडे जाण्याआधी टार्गेटचं प्रकरण बारकाईने वाच.

टार्गेट ही अमेरिकेतली मोठी दुकानसाखळी. २०१३ मध्ये तिने फायरआय कंपनीची महागडी यंत्रणा बसवली, आणि त्या यंत्रणेवर नजर ठेवणारी माणसं बसत बंगळुरूत. रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड चोरून चोर आत शिरले. ३० नोव्हेंबरला, ऐन खरेदीच्या गर्दीत, यंत्रणेने घातक प्रोग्राम पकडला. बंगळुरूने मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलं. २ डिसेंबरला पुन्हा इशारा आला. असे प्रोग्राम आपोआप काढून टाकायची सोयही होती, पण ती बंद ठेवलेली होती. इशारा तपासला, तातडीचा वाटला नाही, असं कंपनीने नंतर सांगितलं. तोवर सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील गेले होते. पुढच्या मे महिन्यात सीईओ पायउतार झाले.

यंत्राने ओळखलं, बंगळुरूच्या माणसांनी वेळेत सांगितलं, आणि तरीही चोरी झाली. तेव्हा तुझ्या प्रस्तावाचा भर ‘अचूक ओळखणं’ यावर नको. अलर्ट वर पोहोचतो तेव्हा त्याच्यासोबत काय जातं, ते बघ. लॅपटॉप कोणाचा, तो माणूस रजेवर आहे का, तीच फाइल आणखी किती मशिनवर दिसली, हे गोळा करण्यात एल-वनचा, म्हणजे अलर्ट पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचा, निम्म्याहून अधिक जीव जातो. ते काम ऑटोमेशनला दे. घटनाक्रमही एआयला जुळवू दे. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, तिथे हे फार उपयोगी पडेल.

कृती कोणी करायची, हा प्रश्न अवघड. एखादा लॅपटॉप नेटवर्कपासून तोडणं यंत्रावर सोपवावं, चूक झाली तर काही मिनिटांत परत जोडता येतो. मोठ्या सर्व्हरला मात्र माणसाच्या होकाराशिवाय हात लावू देऊ नये, असं सगळे म्हणतात. पण पुण्याची कॉसमॉस बँक आठव. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कार्डाच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी खोटी यंत्रणा उभी केली आणि २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले. सुटीच्या दिवशी साहेबांच्या होकाराची वाट बघत बसलं, तर तेवढ्यात पैसे गेलेले असतात. म्हणून कुठल्या मर्यादेपलीकडे यंत्राने न विचारता दार लावायचं, ते दिवसाउजेडी, शांत डोक्याने ठरव आणि त्यावर सह्या घे.

आणि एकदम सगळीकडे काही चालू करू नकोस. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी जगभरातली ८५ लाख विंडोज मशिन अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. तुझ्या एआयने पहिले काही आठवडे नुसतं मत द्यावं. ते माणसांच्या निर्णयाशी ताडून बघ. एआय वाचतो त्या लॉगमधला आणि ई-मेलमधला मजकूर चोरांनीच लिहिलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेव. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमध्ये २०२५ साली सापडलेल्या त्रुटीत एका साध्या ई-मेलमधल्या सूचना पाळून एआय माहिती बाहेर देऊ शकत होता.

शेवटची गोष्ट त्याच फायरआयची. २०२० मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या खात्याला दुसरा फोन जोडला गेल्याचा किरकोळ अलर्ट आला. कोणीतरी त्या कर्मचाऱ्याला विचारलं, ‘हा फोन तुझा का?’ तो नाही म्हणाला. त्या धाग्यावरून पुढे सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेला सगळा हल्ला उघडकीला आला. एआयने वाचवलेल्या वेळात तुझ्या पाळीतली माणसं अशी विचारपूस किती वेळा करू शकतील, तो आकडा प्रस्तावात पहिल्या पानावर घाल, आणि कच्चा मसुदा मला रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
मामा